जर्मलचं पातेलं, केटल आणि रेग्युलेटर

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी सव्वासहाला मावशीच्या शेजारणीचा फोन आला. "घाबरू नका, पण एकदा येऊन जा." जिन्यात गॅसचा वास आला म्हणून तिने मावशीचं दार वाजवलं, तर मावशी चष्मा लावून पेपर वाचत बसलेली. आत चहा उतू गेला होता, बर्नर विझला होता आणि बटण सुरूच होतं. मावशीला वास आलाच नव्हता. चहा ठेवलाय हे ती विसरली होती असंही नाही. बारीक आचेवर ठेवलाय, होईल सावकाश, म्हणून ती दारातला पेपर उचलायला गेली आणि मथळ्यांत रमली.

मी पोहोचले तेव्हा सगळ्या खिडक्या उघड्या होत्या आणि मावशी ओटा पुसत होती. "एवढं काय त्यात? दूध कुणाचं उतू जात नाही?"

त्याच रात्री इंग्लंडहून मावसभावाचा फोन आला. तो लेस्टरला असतो. "इलेक्ट्रिक केटल घेऊन टाक ना. इथे प्रत्येक घरात असते. मिनिटभरात पाणी." मीही हो म्हणाले आणि फोनवरच हजार-बाराशेच्या चार केटल पाहून ठेवल्या. मग मात्र निर्णयाला तीन आठवडे लागले. त्यातले पहिले आठ-दहा दिवस आम्ही भलत्याच प्रश्नाचं उत्तर शोधत होतो, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

घर असं आहे

मावशी ७९ वर्षांची, पुण्यात कर्वेनगरला जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. डोकं शाबूत, शब्दकोडं रोज सोडवते. गुडघे गेलेत, खाली वाकता येत नाही. उजव्या मनगटात जोर नाही. स्वयंपाकाच्या बाई सकाळी ९ ला येतात, पावणेअकराला जातात, पुन्हा संध्याकाळी ६ ला येऊन तासभर असतात. म्हणजे दूध तापवणं, भाजी, पोळ्या, रात्रीचा मऊ भात हे सगळं बाईंच्या हातचं. मावशी स्वतः गॅस पेटवते ती दोनदाच: पहाटे साडेपाचला आणि दुपारी साडेतीनला. दोन्ही वेळा चहासाठी, आणि दोन्ही वेळा घरात दुसरं कुणी नसतं.

चहाची रीत ठरलेली. जर्मलचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, काळवंडलेलं पातेलं, त्यात दोन भाग पाणी, किसलेलं आलं, साखर. आधण आलं की पावडर, एक उकळी, मग एक भाग दूध, पुन्हा उकळी, मग सांडशीने पातेलं उचलून गाळणं. नऊ मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून पाहिलं. शेवटी पातेलं उचलताना सांडशी थरथरते, तेही पाहिलं. मला त्या क्षणी विझलेल्या बर्नरपेक्षा त्या सांडशीचीच जास्त धास्ती वाटली.

पैशाचा हिशेब एकदाचा संपवू

प्रत्येकाने आधी हेच विचारलं: लाइटबिल किती येईल? अर्धा लिटर पाणी २५ अंशांवरून उकळायला साधारण १५७ किलोज्यूल उष्णता लागते. माझ्या घरची १५०० वॉटची केटल ते काम २ मिनिटं ५ सेकंदांत करते, म्हणजे ०.०५ युनिट. सगळे आकार धरून युनिटला दहा रुपये लावले तर पन्नास पैसे. गॅसचं पाहिलं तर लहान बर्नर पूर्ण आचेवर तासाला अंदाजे १०० ग्रॅम गॅस खातो. नऊ मिनिटांचे झाले १५ ग्रॅम. १४.२ किलोचा सिलिंडर साडेआठशेच्या आसपास धरला तर नव्वद पैसे. दिवसाला दोन चहा, बचत ऐंशी पैसे, वर्षाला तीनशेच्या आत. तेवढ्यासाठी कुणी केटल घेऊ नये आणि तेवढ्यासाठी कुणी नाकारूही नये. हा मुद्दा आम्ही इथेच सोडला.

दूधच आडवं आलं

मी माझी केटल पिशवीत घालून मावशीकडे नेली. पहिला प्रयोग भावाच्या पद्धतीने. केटलमध्ये पाणी उकळलं, भांड्यात दीड चमचा पावडर, त्यावर कपभर उकळतं पाणी, चार मिनिटं झाकण, गाळलं, फ्रिजमधलं दूध घातलं. रंग छान आला. मावशीने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "हा चहा आहे की चहाचं पाणी? आणि गार का आहे?"

गारच होता. कणीक मोजायला घेतलेल्या काट्याबरोबर एक थर्मामीटरही माझ्याकडे आहे, तो बुडवला तर ५८ अंश. गणित सोपं आहे. चार मिनिटं झाकून ठेवलेलं १२० मिली पाणी ८५ अंशांपर्यंत उतरतं. त्यात ५ अंशांचं ६० मिली दूध घातलं की मिश्रण ५८-५९ वर येतं. लेस्टरमध्ये हे घडत नाही, कारण तिथे दोनशे मिली चहात दूध घालतात चमचा-दीड चमचा. तेवढ्याने चहा दोन-चार अंशच उतरतो. इंग्लंडच्या घरांत केटल इतकी रुळली त्यामागे इतर कारणं आहेतच (तिथले प्लग १३ अँपिअरचे, ३००० वॉटची केटल सहज चालते, पाणी उकळलं की आपोआप बंद होणारी रसेल हॉब्सची 'के वन' १९५५ ची), पण मुळात तिथला चहा हा पाण्याचा चहा आहे. आपल्याकडे पाण्याला दुधाचं प्रमाण दोनास एक, कुठे कुठे निम्मंनिम्मं. त्यामुळे खरं काम पाणी उकळण्याचं नाही, दूध गरम करण्याचं आहे. आणि केटल नेमकी तिथे हात वर करते.

"मग दूध केटलमध्येच घाल की," असं शेजारीण म्हणाली. हे करू नये. केटल आपोआप बंद होते ती वाफेवर. पाणी उकळलं की वाफ झाकणाखालच्या भोकातून मुठीतल्या नळीत जाते, तिथे दोन धातूंची एकमेकांना चिकटवलेली पातळ चकती असते. दोन्ही धातू वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, चकती टक्कन उलटी वळते आणि बटण पडतं. दूध मात्र उकळायच्या आधीच साय धरतं, फेस होऊन वर चढतं आणि चोचीतून बाहेर येतं. तोवर पुरेशी वाफ चकतीपर्यंत गेलेलीही नसते. तळाला जे करपतं ते घासायला केटल पाण्यात बुडवता येत नाही, कारण खाली विजेची जोडणी. चहा पावडर आत टाकली तर चोचीची जाळी तुंबते आणि केटलला जन्मभर तो वास राहतो. दुधासाठी रुंद तोंडाची, आच कमीजास्त करता येणारी भांडी मिळतात, पण ती पुन्हा उतू जाणारच. मग मावशी गॅसऐवजी त्याच्यापुढे उभी राहणार, एवढाच फरक.

दुसऱ्या प्रयोगात गंमत झाली. दूध गरम करायचं पण गॅसवर नाही, म्हणून मी कान असलेल्या छोट्या स्टीलच्या मगमध्ये दूध घेतलं आणि तो मग गरम पाण्याच्या भांड्यात ठेवला. मावशीने मधेच येऊन "वास लागेल" म्हणून त्या दुधात किसलेलं आलं टाकलं. पाच मिनिटांनी मगमध्ये दह्याची कवडी असावी तसं दूध धरलेलं. मावशी खूश: "बघ, तुझ्या केटलने दूध नासवलं!" केटल बिचारी निर्दोष होती. कच्च्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं एक विकर असतं, ते साठ-पासष्ट अंशांना जोमात काम करतं आणि उकळत्या पाण्यात मरतं. आपण आलं आधणात टाकतो, दुधात नाही, ते यासाठीच. ही रीत मावशीलाच माझ्यापेक्षा जास्त वर्षं माहीत. फक्त आधण गॅसवरून हललं तेव्हा तिचा क्रम चुकला.

तिसऱ्या दिवशी जमलं. माझ्या मोठ्या केटलवर कमीत कमी पाण्याची खूण अर्ध्या लिटरची आहे. चहाला लागतं १२० मिली. उरलेलं पाणी वाया जातं म्हणून मी आधी चिडले होते, तेच कामाला आलं. आलं आणि पावडर भांड्यात, त्यावर १२० मिली उकळतं पाणी, झाकण. उरलेलं पाणी एका वाडग्यात, त्यात दुधाचा मग. चार मिनिटांत चहा मुरतो आणि दूध सत्तरच्या घरात जातं. दोन्ही एकत्र केल्यावर ८० अंश. कप आधी त्याच गरम पाण्याने विसळला तर आणखी चांगलं. पावडर दाणेदार सीटीसी असेल तर चार मिनिटांत हवा तेवढा कडकपणा येतो. १९३० च्या सुमारास आसामात निघालेली ही पद्धत पानं चिरडून, फाडून, वळवून बारीक गोळ्या करते. त्यामुळे ती न उकळताही झटपट उतरते. लांब पानाच्या चहाने मावशीच्या तोंडचा चहा कधीच झाला नसता.

तरी उकळलेल्या चहाची चव यात नाही. दूध पावडरबरोबर शिजतं, थोडं आटतं, त्याला जो किंचित खमंग-गोड जाडपणा येतो तो इथे येत नाही. कडवटपणा कमी आणि सुवास जास्त असतो. मला स्वतःला आवडला. मावशीने पूर्ण कप संपवला आणि म्हणाली, "बरा आहे. आजारी माणसाला द्यायला."

प्रश्न बदलला तो इथे

त्या संध्याकाळी बाई आल्या होत्या. आमचं चाललेलं ऐकून त्या म्हणाल्या, "ताई, चहा कशावर का होईना. मी गेले की खालचं बटण बंद करून जाऊ का?" खालचं म्हणजे रेग्युलेटर. सिलिंडर ओट्याखाली, रेग्युलेटर त्याच्या डोक्यावर, आणि मावशीला वाकता येत नाही. म्हणून गेली कित्येक वर्षं तो चोवीस तास सुरूच असतो. वर शेगडीचं बटण चुकून अर्धवट फिरलं, दूध उतू जाऊन ज्योत विझली, रबरी नळी जुनी झाली, काहीही झालं तरी गॅस सुटायला मोकळा. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. त्यात मिसळलेला उग्र वास हीच आपली राखण, आणि वयाबरोबर नाक मंदावतं. मावशीचं मंदावलंय, हे त्या सकाळी कळलंच होतं.

मी कागद घेऊन पुन्हा मांडणी केली. बाई ९ ला येऊन रेग्युलेटर सुरू करणार, पावणेअकराला बंद. सहाला सुरू, सातला बंद. मधल्या वेळेत घरात जळता बर्नरच नाही. हे शक्य होत नव्हतं एकाच गोष्टीमुळे: मावशीचे दोन चहा. चव, बिल, वेळ यांत केटल जेमतेम पास होत होती. पण तिच्यामुळे सव्वाएकवीस तास रेग्युलेटर बंद ठेवता येत होता. इतके दिवस मी केटल विरुद्ध पातेलं अशी तुलना करत बसले होते.

मग इतर पर्याय याच कसोटीवर पटापट निकालात निघाले. इंडक्शनला वेळ लावून आपोआप बंद करता येतं आणि त्यावर खरा उकळलेला चहा होतो, म्हणून मी त्याच्या बाजूने होते. पण जर्मलचं पातेलं त्यावर चालत नाही, लोहचुंबक चिकटेल असं बूड लागतं. ते नवीन घेता आलं असतं. अडलं ते काचेवरच्या सपाट बटणांशी. माझ्या घरी तिला दाखवलं, तर बोट टेकवूनही ते दाद देईना, आणि दाद दिली की टीं टीं करून घाबरवी. शिवाय शेवटी पातेलं आणि सांडशी आलीच. ज्योत विझली की गॅस तोडणारी शेगडी चांगली वस्तू आहे, पण तिने सांडशी सुटत नव्हती. पाण्यात घालायची तयार चहाची पुडी मावशीने वास घेऊन परत दिली.

थर्मास हा मात्र जुना आणि गुणी उपाय निघाला. बाईंनी सकाळी उकळलेला चहा भरून ठेवला तर दुपारी साडेतीनला गरम असतो. फक्त चव उतरलेली. तो आम्ही गुरुवारसाठी राखून ठेवला. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते, आणि केटलची ही दुखरी बाजू कुणीच विचारात घेत नाही.

कोणती घेतली

माझी दीड लिटरची केटल रिकामी ९०० ग्रॅम भरली. अर्धा लिटर पाणी घातलं की एक किलो चारशे. मावशीने ती उचलली आणि दुसरा हात आपोआप खाली गेला. त्यामुळे मोठी बाद. दुसरी अडचण भिंतीत होती. ओट्यावरचा प्लग मिक्सरचा, ६ अँपिअरचा, वायरिंग इमारतीइतकंच जुनं. १५०० वॉटला २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर लागतात. रोज दोनदा दोन मिनिटं कदाचित निभलं असतं. पण सुरक्षिततेसाठी चाललेल्या खरेदीत कदाचितवर भिस्त ठेवायला मी तयार नव्हते. १६ अँपिअरचा पॉइंट फ्रिजपाशी, आणि तिथून ओट्यापर्यंत लोंबती वायर नको. म्हणून एक लिटरची, १००० वॉटची, आतून स्टीलची छोटी केटल घेतली. सव्वाचार-साडेचार अँपिअर. पाण्याची खालची खूण ३०० मिलीची. अर्ध्या लिटरला तीन मिनिटांच्या वर लागतात, पण पहाटे साडेपाचला मावशीला कुठे लोकल पकडायची आहे?

आतल्या पातळीच्या खुणा तिला दिसेनात. बाहेर, जिथे पाण्याची पट्टी आहे तिथे, मी लाल नेलपॉलिशने रेघ मारली.

पहिल्याच सकाळी फोन. "ही बंदच होत नाही." मी गेले. केटल खदखदत होती आणि मावशी झाकण उघडून आत बघत होती. साठ वर्षांची सवय: उकळी डोळ्यांनी पाहायची. झाकण उघडं असलं की वाफ वर निघून जाते, मुठीतल्या चकतीपर्यंत पोहोचतच नाही, आणि केटल आपली उकळतच राहते. पार आटली तर बुडाखालची दुसरी चकती वीज तोडते, पण त्यावर विसंबून राहू नये. मी तिला सांगितलं, "मावशी, बघू नकोस, ऐक. आवाज वाढतो, मग कमी होतो, मग टक्क." तिला हे पटलं, कारण आधणाचा आवाज तिला माहीत होताच. आता ती झाकण दाबते आणि शब्दकोडं घेऊन बाहेर बसते. टक्क ऐकू येतं. नाक गेलं तरी कान शाबूत आहेत.

चार महिन्यांनंतर

पहाटेचा चहा केटलचा होतो. त्यात तिने स्वतःची भर घातली आहे: पावडर आणि आल्याबरोबर गवती चहाची दोन पाती, दूध रात्रीच छोट्या मगमध्ये काढून फ्रिजमध्ये, आणि साखर दुधात. सांडशी लागतच नाही. उरलेलं कोमट पाणी ती गोळ्यांबरोबर पिते. गुडघ्याच्या शेकाची पिशवीही केटलच भरते, म्हणजे मी हिशेबात न धरलेला तिसरा वापर. तळाला पांढरा थर धरायला लागला होता, अर्ध्या लिंबाच्या रसात पाणी उकळून तासभर ठेवलं आणि निघाला.

दुपारचा चहा मात्र हलला. साडेतीनला ती शेजारणीकडे जाते. तिथे उकळलेला मिळतो. शेजारीण म्हणते, तिलाही बरं वाटतं. याचं श्रेय केटलला द्यायचं की तिच्या चवीला, हे मला ठरवता आलेलं नाही.

मागच्या रविवारी मी न सांगता गेले, संध्याकाळी पावणेसहाला, बाई यायच्या आधी. बाहेरच्या खोलीतला वेताचा मोढा ओट्यापाशी होता, अगदी सिलिंडरला लागून. त्यावर बसलं की हात रेग्युलेटरपर्यंत आरामात जातो. मी बसून पाहिलं. मोरीत जर्मलचं पातेलं पालथं घातलेलं, बुडाला पाण्याचे थेंब.

"हा मोढा इथे कसा?"

"पाहुणे आले होते."

"स्वयंपाकघरात?"

मावशीने शब्दकोड्यातून मान वर केली नाही. "चहा घेणार ना? केटलचा करते."

तिने केटलचाच केला. मी परत येताना गॅसगळती झाली की ठणाणा करणारं यंत्र घेतलं आणि सोमवारी इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतलं, ओट्याखाली, जमिनीपासून फूटभर उंचीवर. मोढा तिथेच राहू दिला.